देवळासमोरचा फळा

सेविका मैत्रिणींनो, आज आष्ट्याजवळच्या एका अंगणवाडीत तपासणीला गेले होते. तिथल्या तरुण सेविकेनं कमी वजनाच्या मुलांचे फोटो नावांसकट गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते. "आईबापांचे डोळे उघडावेत म्हणून टाकले, बाई," ती म्हणाली.

तिला रागावू कुठल्या तोंडानं? नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास मी कुंडलकडं सेविका होते, तेव्हा अशीच नावं देवळासमोरच्या फळ्यावर मीच लिहिली होती. दुसऱ्या दिवशी एक आई आली आणि लेकीला कडेवर उचलून म्हणाली, "आवं बाई, पोरगी बारीक हाय, चोर न्हाई."

ती लेक पुन्हा अंगणवाडीत आली नाही.

आज ते फोटो ग्रुपवरून काढून टाकायला लावले. पण माझा फळा निदान ओल्या फडक्यानं पुसता आला होता. हे फोटो कुणाकुणाच्या मोबाईलमधून पुसायचे?