बावीस घरांतलं सर्च इंजिन

काही किस्से मुद्दाम गोळा करावे लागतात. ऑनलाइन वर्गाचं तसं नाही. बावीस मुलं म्हणजे बावीस घरं, बावीस स्वयंपाकघरं, आणि त्यातला एक तरी माइक चालू राहिलेला! प्रत्येक घरात एक खुर्ची असते ना, जिच्यावर घडी न घातलेले कपडे साठत जातात? तसे हे किस्से साठतात. मग एक दिवस पाहुणे येतात आणि बसायला जागा नसते. आज तुम्ही आलाच आहात, तर थोडे उचलते.

झालं असं, की गेल्या वर्षी आमच्या कॉलेजनं उपनगरातल्या आणखी दोन कॉलेजांबरोबर कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला एक ऑनलाइन विषय सुरू केला. एका टर्ममध्ये प्रत्येकानं स्वतःचं छोटं सर्च इंजिन बांधायचं. शिकवणार मी, मुलुंडच्या आमच्या डायनिंग टेबलावरून. मुलं मनोरीपासून मुलुंडपर्यंत पसरलेली. आमच्या विभागप्रमुख शीला मॅडमनी आधीच बजावलं होतं, "एक टर्म देतेय. मुलं गळली तर विषय बंद, आणि पुन्हा माझ्याकडे यायचं नाही!"

मी मान डोलावली.

*

पहिलाच तास. मी उत्साहानं सांगितलं, "आपण सर्च इंजिन बनवणार आहोत!"

चारकोपचा ओंकार म्हणून एक मुलगा होता. त्यानं लगेच माइक चालू केला. "मॅडम, ते ऑलरेडी आहे ना एक? झकास चालतंय."

"हो का? मग परीक्षेलाही त्यालाच बसव."

"मॅडम, गेली दोन वर्षं तेच बसतंय!"

*

सर्च इंजिनचा जीव असतो इंडेक्समध्ये. कुठल्या पानावर कोणते शब्द आहेत हे लिहायचं नाही. उलट, कोणता शब्द कुठल्या कुठल्या पानांवर आहे हे लिहून ठेवायचं. मी हे तीनदा समजावलं. "कळलं?" म्हटल्यावर चॅटमध्ये धडाधड बावीस अंगठे आले. बावीसच्या बावीस अंगठे येतात तेव्हा कुणालाच काही कळलेलं नसतं, हे मला अनुभवानं ठाऊक आहे.

तेवढ्यात ओंकारच्या माइकमधून एका बाईंचा आवाज आला. मागे फोडणीची चुरचुर.

"अरे, सोप्पा आसा ता! गणपतीत मोठो टोप कोणाकडे, समई कोणाकडे, पाट कोणाकडे, ह्या मी वहीत लिवन ठेवतंय ना? घरां नाय लिवत, वस्तू लिवतंय. टोप: दोनशे चार, तीनशे एक. दारोदार विचारीत कोण फिरतलो?"

"आई! माइक चालू आहे!" ओंकार किंचाळला.

"बंद करू नकोस रे," मी म्हटलं. "काकूंना अजून एकदा सांगू दे!"

पुढच्या चाचणीत एकोणीस मुलांनी इंडेक्सचं उदाहरण म्हणून टोप लिहिला. एकानं तर खाली प्रामाणिकपणे तळटीपही दिली: 'संदर्भ: ओंकारची आई.'

*

मग आला क्रॉलर. म्हणजे एका पानावरची लिंक पकडून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर, असा फिरत पानं गोळा करणारा प्रोग्रॅम. मुलुंडचीच मिताली, वर्गातली सगळ्यात नीटनेटकी मुलगी. तिनं आपला क्रॉलर कॉलेजच्याच वेबसाइटवर सोडला. दुपारी तिचा फोन.

"मॅडम, तो थांबतच नाहीये!"

बघितलं तर वेबसाइटवर एक कॅलेंडर होतं आणि त्याच्या कोपऱ्यात 'पुढचा महिना' अशी लिंक होती. क्रॉलर बिचारा आज्ञाधारक. पुढचा महिना, त्याच्या पुढचा महिना, त्याच्याही पुढचा...

"कुठे पोचलाय आत्ता?"

"इसवी सन चार हजार बारा."

"अगं, थांबव आधी!"

"थांबवते मॅडम. पण एक सांगू? तेव्हा पण आपल्या वेबसाइटवर 'प्रवेशप्रक्रिया लवकरच सुरू होईल' असंच लिहिलंय!"

*

मराठीत शोधायचं तर एक वेगळीच कटकट असते. घर, घराला, घरात, घराची... शब्द एकच, शेपट्या अनेक. म्हणून या शेपट्या कापणारा प्रोग्रॅम लिहायला दिला. शेवटी 'ला' दिसला की काप, 'ची' दिसली की काप. मुलांनी उत्साहात कात्री चालवली. मिरचीची 'मिर' झाली, मसाल्याचा 'मसा' झाला. हसलो, पुढे गेलो.

त्याच आठवड्यात शीला मॅडम अचानक वर्गात हजर! काळ्या चौकोनात फक्त नाव. मी म्हटलं, जरा छाप पडू दे. "ओंकार, कॉलेजच्या नोटिसांमध्ये मॅडमचं नाव शोधून दाखव बरं."

त्यानं स्क्रीन शेअर केली, मोठ्या अक्षरांत 'शीला' टाइप केलं आणि एंटर दाबला. खाली ठळक अक्षरांत आलं:

'तुम्ही शोधत आहात: शी.'

मी मनातल्या मनात विषयाला श्रद्धांजली वाहिली.

मग काळ्या चौकोनातून आवाज आला. "किती निकाल आले?"

"एक... एकशे सोळा, मॅडम," ओंकार पुटपुटला.

"बरंच काम केलंय म्हणायचं मी!" आणि त्या चक्क हसल्या. मी टेबलाखाली दोन्ही हात जोडले.

*

घरीही प्रयोग चालायचे. स्पेलिंग चुकलं तर 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का?' असं विचारणारा भाग मी स्वतः लिहिला होता. आमच्या ह्यांनी कौतुकानं स्वतःचं नाव टाकलं, विनय.

इंजिननं विचारलं, 'तुम्हाला विनोद म्हणायचं होतं का?'

"हे चुकलं गं तुझं," हे म्हणाले.

मी कोडमध्ये काहीही बदललं नाही.

*

नंतर शिकवलं रँकिंग. ज्या पानाकडे जास्त लिंका येतात ते पान महत्त्वाचं, म्हणून ते वर दाखवायचं. हे कळल्याबरोबर ओंकारनं काय करावं? त्यानं तीनशे रिकामी पानं बनवली आणि प्रत्येकावरून स्वतःच्या फोटोकडे लिंक दिली: 'हुशार विद्यार्थी'. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीही 'हुशार' शोधलं की गॉगल घातलेला ओंकार!

मितालीनं शांतपणे सगळं बघून घेतलं. तिनं सहाशे पानं बनवली आणि त्याच फोटोकडे लिंक दिली: 'बिनडोक'.

तासाला ओंकार गयावया करायला लागला. "मॅडम, तिला सांगा ना, वाट लागली यार माझी! आईनं शोधून बघितलं!"

"मग? काय म्हणाल्या काकू?"

"म्हणाली, चलता तुमचा इंजिन बरोबर."

*

डेमोचा दिवस. बाहेरचे परीक्षक अकरा वाजता ऑनलाइन येणार. शीला मॅडमही बसणार. सगळ्यांची इंजिनं ज्या एका मुख्य पानावरून उघडायची, ते पान ओंकारच्या लॅपटॉपवर चालू होतं. तीन दिवस अखंड. सव्वादहाला मी उघडून बघितलं. पान गायब! ओंकारला फोन लावला.

"मॅडम, मी आंघोळीला गेलो होतो... आई! लॅपटॉप कोणी बंद केला?"

मागून शांत उत्तर आलं, "मी बंद केलंय. तीन दिवस नुसतो घूं घूं करी होतो. पंखोसुद्धा आपण इतको चालवणव नाय!"

लॅपटॉप पुन्हा चालू होईना. बहुतेक खरंच तापला होता. एवढी टर्म रेटली आणि शेवटी बुडालो ते एका बटणात! तेवढ्यात मितालीचा मेसेज आला. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. ओंकारचं काम आहे म्हटल्यावर मी रोज कॉपी काढून ठेवत होते."

दहा पंचावन्नला पान उघडलं. बारा मिनिटं परीक्षक एकामागून एक शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, "हे सगळं मुलांनी केलंय? छान आहे."

शीला मॅडमचा मला वेगळा मेसेज आला, 'पुढच्या टर्मला चाळीस जागा ठेव.' मी तो ह्यांना वाचून दाखवला. दुपारी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. एकटीनं!

*

पण डेमोला बावीस नव्हते, एकवीसच होते. सायली आली नव्हती.

सायली खाडीपलीकडच्या मनोरीची. वर्गात फारशी बोलायची नाही, पण काम चोख. बाप आणि मोठा भाऊ मासेमारीला जातात. बाकी मुलांनी सिनेमे नाही तर क्रिकेट असले विषय घेतले. हिनं गावच्या मोबाइल ग्रुपवरचे मेसेज घेतले होते, सगळ्यांना विचारून. मासळीचा भाव, मार्व्याची फेरीबोट कधी बंद, जाळं कोण विकतंय, असं काहीही त्यात शोधता यायचं. शेवटच्या दिवशी ही पोरगी गळली कशी, म्हणून मी तीनदा फोन केला. उचलला नाही. खरं सांगते, मी चिडले होते.

संध्याकाळी तिचा फोन आला, तेव्हा कळलं.

आदल्या संध्याकाळी वारा सुटला होता. बाकी बोटी आल्या, हिच्या घरची 'भाग्यलक्ष्मी' आली नाही. बाप, भाऊ आणि दोन खलाशी, चौघांचे फोन बंद. सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर. आई दारातच बसून राहिली; चहा नाही, पाणी नाही, कुणाशी बोलणं नाही. आणि ग्रुपवर मेसेजचा पाऊस. 'भाग्यलक्ष्मीला सुखरूप आण गं माते', हात जोडलेले, दिवे लावलेले, शेकड्यांनी. शिवाय ज्याचं त्याचं ऐकीव. कोण म्हणे वसईकडे दिसली, कोण म्हणे नाही.

सायली मोबाइलमध्ये बोटीचं नाव शोधत होती, तर सगळेच मेसेज समोर येत होते. नाव प्रत्येक प्रार्थनेत होतं! शेवटी तिनं ग्रुपवरचे सगळे मेसेज उचलून आपल्या इंजिनमध्ये घातले. जो शब्द सगळेच वापरतात त्याला कमी वजन, क्वचित येतो त्याला जास्त, एवढं तिला त्यातून हवं होतं. बोट बंदराला लागली की त्यांच्यात 'लावली' म्हणतात. तिनं दोन शब्द टाकले: भाग्यलक्ष्मी लावली.

सगळ्यात वर एक मेसेज आला. पहाटेचा. अर्नाळ्याच्या कुणा लांबच्या नातेवाइकाचा, त्यानं एकदाच लिहिलेला आणि सगळ्यांनी वाचला असेल असं समजून सोडून दिलेला. 'भाग्यलक्ष्मी इकडे लावली आहे. मशीन बिघडलं. चौघे बरे आहेत. कुणाच्या फोनला चार्जिंग नाही.'

तिनं त्या नातेवाइकाला फोन लावला. त्यानं फोन नेऊन बापाच्या हातात दिला.

मी परीक्षकांना कारण कळवलं नाही, नुसती दुसरी तारीख मागितली. पुढच्या आठवड्यात सायलीची तोंडी परीक्षा झाली. ती एकटी, मी आणि ते परीक्षक. त्यांनी सगळं तपासलं, कोड बघितला, मग कागदावरचे शेवटचे प्रश्न काढले.

"युजर टेस्टिंग केलंत? किती लोकांनी वापरून बघितलं?"

"एकीनं, सर. माझ्या आईला दाखवलं."

"एकच? बरं. फीडबॅक काय होता?"

सायलीनं सरळ सांगितलं.

"रडली, सर. मग उठून भात टाकला."