हद्दीच्या आतली खुर्ची

"आय हॅव ऑल डे, डिअर," असं म्हणत ती घडीची खुर्ची उघडायची. समोर पोलीस उभा असला तरी आधी खुर्ची नीट टेकवायची, मग हसायची. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाकडे अख्खा दिवस मोकळा आहे त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? मी तरी ठेवला नाही.

हॅमिल्टनमध्ये आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि आमच्या खाली गर्भपाताचं क्लिनिक. क्लिनिकच्या आसपास ठरावीक अंतरात निदर्शनं करायला कायद्याने बंदी. ही सत्तरीची, चर्चला वाहिलेली बाई मुद्दाम त्या हद्दीच्या आत, दारापासून दहा पावलांवर बसायची. पोलीस घेऊन जायचे, ती सुटून यायची, पुन्हा खुर्ची.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातात विणलेले इवलेसे मोजे ठेवले. विंटर जॅकेटमध्ये मी तशीही पिंपासारखी दिसत होते.

"मी वरच्या ऑफिसात कामाला आहे," मी म्हटलं.

"ऑफ कोर्स, डिअर."

तिला काडीचंही पटलं नव्हतं. मोजे मात्र सुरेख होते आणि तेच मला खटकलं. फुकटची माया दिसली की मी आधी त्यामागचा हेतू शोधते.

महिन्याभराने, मी बसची वाट बघत असताना तिने विचारलं, "मुलं किती?"

"एक मुलगा. त्याच्या आधी एक अबॉर्शन झालं."

इथे घोटाळा झाला. आपल्याकडे गर्भपात म्हटलं की दोन्ही आलं, पडलं काय नि पाडलं काय. माझं पुण्यात असताना पाचव्या महिन्यात पडलं होतं. इंग्रजीत त्याला वेगळा शब्द आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

आता ही प्रवचन झोडणार, म्हणून मी तयारीत राहिले. तिने सुया मांडीवर ठेवल्या आणि विचारलं, "नाव ठेवलं होतंस?"

पुण्यात सगळे "दुसरं होईल गं" एवढंच म्हणाले होते. नाव कोणी विचारलं नव्हतं. मी "नो" म्हणून बसमध्ये चढले आणि घरापर्यंत रडले. रडतानाही वाटत होतं, बाई पक्की आहे, कुठे बोट ठेवायचं ते हिला बरोबर कळतं.

पुढे ऑफिसातल्या मैत्रिणीने अबॉर्शन आणि मिसकॅरेज या दोन शब्दांतला फरक सांगितला. मग मी रोज ठरवायचे, आज सांगून टाकू. पण ती रोज म्हणायची, "तुम्हा दोघांसाठी प्रार्थना केली, तुझ्यासाठी नि त्या बाळासाठी." खरं कळल्यावर ही माया राहील का, अशी शंका यायची, आणि मी गप्प बसायचे.

एकदा वॉशरूममध्ये एक मुलगी हुंदके देत उभी होती. बेसिनवर तसेच विणलेले मोजे. तिला पाणी दिलं आणि तडक खाली गेले.

"वर एक मुलगी रडतेय. पुरे करा आता."

"आय हॅव ऑल डे, डिअर."

त्या मुलीकडे नव्हता अख्खा दिवस. बाईचा मला त्या दिवशी मनापासून राग आला.

शेवटी कोर्टाने बजावलं, पुन्हा तिथे दिसलात तर तुरुंग. दुसऱ्या सकाळी ती हजर. पोलिसांची गाडी आलेली खिडकीतून दिसली तशी मी जिन्याने धावत खाली गेले. आता नाही तर कधीच नाही. नावही मी ठरवलं होतं, तिला सांगायचं म्हणून.

"ते अबॉर्शन नव्हतं," मी धापा टाकत म्हटलं. "आपोआप पडलं होतं. माझा शब्द चुकला."

तिचा चेहरा उजळला. माझा हात घट्ट दाबून ती म्हणाली, "ओह, थँक गॉड."

माझं मूल गेलं त्याबद्दल देवाचे आभार मानणारी ती पहिलीच. खोटं नव्हतं त्यात काही, इतके महिने ती माझ्या पापाचं ओझं वाहत होती आणि आता सुटली होती. तिने स्वतःच खुर्ची मिटली, पोलिसाच्या हातात दिली आणि गाडीत बसली.

ती परत आली नाही. नाव माझ्याकडेच राहिलं. तिच्यानंतर कोणी विचारलेलंही नाही.