साडूभाऊ लॅपटॉप पाहतात

माझ्या थोरल्या साडूंपुढे साक्षात देव प्रकट झाला आणि "माग, काय पाहिजे ते माग" म्हणाला, तर तो देव तिथेच उभ्या उभ्या म्हातारा होईल. साडूभाऊ आधी त्याला बसायला खुर्ची देतील, पाणी विचारतील, आणि मग विचारतील, की याआधी कोणाकोणाला वर दिला, तो किती दिवस टिकला, आणि त्यातलं कोणी जवळपास राहतं का. राहत असेल तर देवाला बसवून ठेवून स्वतः चौकशी करून येतील. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. नवेगाव बांधला त्यांचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. मी गोंदियात वीज कचेरीत कारकुनी करतो. आमच्या दोघांमध्ये एवढं अंतर आहे म्हणूनच माझ्या डोक्यावर अजून थोडे केस शिल्लक आहेत.

त्यांच्या दुकानात जाऊन बियाणं विकत घेणं ही सोपी गोष्ट नाही. गिऱ्हाईक घाईत येतं, बाहेर मोटारसायकल चालूच ठेवलेली असते. "अजी, आमच्या शेजाऱ्यानं नेलं ते बियाणं द्या." साडूभाऊ चष्म्यावरून पाहतात. "कायले?" आता बियाणं कशाला हवं, म्हणजे काय? पण तिथून सुरू होतं. बांधी, म्हणजे धानाचं शेत, उंचावर आहे का खोलगट? पाणी दिवाळीपर्यंत राहतं का आधीच पळतं? धान घरी खायला पाहिजे का विकायला? धानाचे हलकं, मध्यम आणि भारी असे तीन प्रकार. हलकं लवकर निघतं, भारी उशिरा. उंच बांधीत भारी लावलं तर दाणा भरायच्या आत पाणी संपतं, हे खरं. पण हे त्या माणसाच्या आज्यालाही माहीत असतं हो! एकदा एका शेतकऱ्यानं वैतागून हात जोडले. "अजी, मले बियाणं पायजे. तुमी त सोयरीक करून राहिले!" आणि तो समोरच्या दुकानात गेला. साडूभाऊंना त्याचं काही वाटलं नाही. ते मला म्हणाले, "वस्तू वाईट नसते, साडूभाऊ. जागा चुकते."

स्वतःसाठी काही घ्यायचं झालं, की मग तर विचारूच नका. कुकर घ्यायला गेले तेव्हा घरून मूठभर तांदूळ आणि तुरीची डाळ पुडीत बांधून घेऊन गेले होते. दुकानदाराला गॅस पेटवायला लावला, शिट्ट्या होऊ दिल्या, झाकण उघडून शीत दाबून पाहिलं आणि "डाळ थोडी कच्ची राहिली" असं म्हणून तिथेच मिठासोबत भात खाल्ला. दुकानदारानंही खाल्ला, बिचारा काय करेल? छत्री घेताना ती उघडून दुकानाच्या नळाखाली धरली होती. सवलत म्हटली की हे दोन पावलं मागे सरकतात. "सवलतीचं बियाणं उगवत नाई," हे त्यांचं वचन. आणि प्रत्येक दुकानदाराला शेवटचा प्रश्न ठरलेला: "तुह्या घरी कोणता हाय?" दुकानदार अडखळला, की साडूभाऊ चप्पल घालतात.

असा हा माणूस आमच्या प्राचीच्या लॅपटॉपमध्ये पडला. प्राची माझी एकुलती एक मुलगी. तिला नागपूरला घरांचे नकाशे काढायचं शिक्षण घ्यायला प्रवेश मिळाला. कॉलेजातल्या ताईंनी सांगितलं, की पहिल्याच महिन्यापासून लॅपटॉप लागतो, आणि साधासुधा चालत नाही. मी मनात म्हटलं, रविवारी बाजारात जाऊ, तासाभरात घेऊन येऊ. आणि माझ्या बायकोनं, देव तिचं भलं करो, हे फोनवर बहिणीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी साडूभाऊंचा फोन. "लॅपटॉप मी पाह्यतो." त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. आम्ही दोघं नोकरीवर असताना प्राची शाळेत जाईपर्यंत त्यांच्याकडेच वाढली. त्यांना स्वतःचं मूल नाही. ती त्यांना मोठे बाबा म्हणते आणि माझ्या मेव्हणीला मोठी माय. तिच्या दुधाच्या दातांपासून सगळं त्या दोघांनी पाहिलं, तर लॅपटॉप का नाही?

ऐन धानाच्या रोवणीचे दिवस. दुकानात युरियासाठी रांग लागलेली, आणि हे गृहस्थ लॅपटॉपवाली घरं शोधत हिंडून राहिले. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे असं कळेल त्याच्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि चौकशी करायची. गरम होतो का? रडवतो का? बिघडला तर गोंदियात बनतो का नागपूरले न्यावा लागतो? अर्जुनीच्या एका घरून परत आले आणि मला फोनवर म्हणाले, "मशीन चांगली हाय, पण पोरगा दिवसभर तिच्यात पिच्चर पाह्यते." मी म्हटलं, "अहो, आपल्याला पोरगा घ्यायचा नाही, लॅपटॉप घ्यायचा आहे!" तर म्हणाले, "दोन्ही पाहाव लागते." इकडे कॉलेज सुरू व्हायला आलं. प्राची रोज माझ्या तोंडाकडे पाहत होती, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

शेवटी ते सकाळच्या गाडीनं गोंदियात आले. भरपेट जेवले, कारण उपाशी माणूस महाग सौदा करतो म्हणे, आणि आम्ही तिघं मेन मार्केटमधल्या दुकानात गेलो. काउंटरवरचा तरुण सेल्समन हसून म्हणाला, "बोलिए अंकल, यूज क्या है?" साडूभाऊंचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत त्यांचाच प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. प्राचीनं सांगितलं, नकाशे, थ्रीडी, ग्राफिक कार्ड पाहिजे, रॅम जास्त पाहिजे. "म्हणजे भारी धान," साडूभाऊ म्हणाले. "मंग पाणी पायजे. बॅटरी किती चालते? आमच्या साडूभाऊच्या लाइनीचा भरोसा नाई." सेल्समन माझ्याकडे बघून हसला. बजेट विचारलं तर म्हणाले, "बजेट म्हणजे बांधाची पाळ. तिच्या वरतं पाणी थांबत नाई." इथपर्यंत मी सुद्धा मान डोलावली. तीन मशिनी समोर आल्या. एक त्यांनी तळहातावर तोलली, एकीचा वास घेतला, एकीची झाकणी उघडबंद करून कान लावला. ठीक आहे, म्हटलं, होऊ द्या.

आणि मग त्यांनी खिशातून फोन काढून मोठी मायला सांगितलं, की आता प्राचीचा व्हिडिओ कॉल येईल, उचल. दुकानाच्या नेटवर लॅपटॉप जोडायला लावला, प्राचीला त्याच्यासमोर बसवलं आणि स्वतः बाजूला उभे राहून ओरडले, "दिसून राहिली का वो?" तिकडून आवाज आला, "धुरकट दिसते जी." साडूभाऊंनी मशीन बाजूला सारली. दुसरी लावली. "आता?" "काळी दिसते. उन्हात गेल्ती का?" तीही बाजूला. तिसरीवर मोठी माय म्हणाली, "हे कोन होय?" झालं. साडूभाऊंनी चप्पल घातली.

पुढच्या आठवड्यात दुसरं दुकान, पुन्हा तेच. नंतर तिसरं. माझं डोकं असं तापलं म्हणता! अहो, साखरेच्या दुखण्यानं मोठी मायच्या डोळ्यांचे पडदे खराब झालेले. नागपूरला सुया टोचून झाल्या, तरी तिच्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडत होतं. आणि तिनं पास केला तरच लॅपटॉप! चष्म्याच्या दुकानात आंधळ्याला परीक्षक नेमावं तसा कारभार. प्राचीचं कॉलेज सुरू झालं. पोरगी हॉस्टेलवर राहायला गेली आणि मैत्रिणीच्या मशीनवर, मैत्रीण झोपली की काम करू लागली. पहिलं ड्रॉइंग उशिरा गेलं म्हणून बाईंनी परत केलं. फोनवर ती रडली नाही, पण "मोठ्या बाबांना काही बोलू नका" एवढं म्हणाली. मला ते जास्त लागलं.

त्या शनिवारी प्राची घरी आली होती. आम्ही पुन्हा पहिल्याच दुकानात. साडूभाऊंनी फोन काढताच मी त्यांचा हात धरला. माझा आवाज चढला होता, दुकानातली माणसं वळून पाहू लागली. "साडूभाऊ, पुरे झालं! दुनियेला विचारता, कायले पायजे, कायले पायजे. आज मी विचारतो. तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

या माणसाला उत्तर देताना मी कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना ते जमतं की नाही हेही मला माहीत नव्हतं. काउंटरवरच्या मशीनवरून बोट फिरवत ते म्हणाले, "मले का पायजे... मले काई नाई पायजे. डाक्टर म्हणते, तिचं दिसनं जास्त दिवस नाई. सुया आता लागू होऊन नाई राहिल्या." त्यांनी मशीनची झाकणी मिटवली. "पोरगी नागपूरले गेली. रविवार रविवार फोनवर दिसन. जेवढं दिसते तेवढ्यात तिले पोरगी साफ दिसली पायजे. मी म्हटलं, चांगला कॅमेरा पाहून घेऊ. लॅपटॉपातलं मले का समजते?"

प्राचीनं तोंड फिरवलं. मी त्यांचा धरलेला हात सोडायचा विसरलो. सेल्समननंच तोंड उघडलं. "अंकल, इन सबका कैमरा एक जैसा ही है. कैमरे से नहीं होगा. बिटिया के मुँह पे लाइट पड़ना चाहिए, सामने से." साडूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुह्या घरी कोणता हाय?" त्यानं न अडखळता समोरच्यातलाच एक दाखवला. "मेरी बहन के पास यही है." साडूभाऊ म्हणाले, "बांधून दे." प्राचीला पाहिजे होता तोच, नकाशांसाठी लागणारा, भारी.

आता इथं गोष्ट संपली असती तर ते साडूभाऊ कसले! दुसऱ्या दिवशी प्राची निघायच्या वेळी हे गाडीतून एक भलंमोठं धूड घेऊन उतरले. धानावरच्या किडीसाठी शेतात रात्री प्रकाश सापळा लावतात: वर दिवा, खाली भांडं, पाखरं उजेडाला येतात आणि भांड्यात पडतात. त्यांनी दुकानातल्या सापळ्याचं भांडं काढलं होतं आणि दिवा उभ्या दांड्यावर ठेवला होता. "हे तोंडासमोर ठेवजो, बाई." मी कपाळावर हात मारला. टेबल लॅम्प बाजारात ढिगानं मिळतो हो! "मिळते," ते म्हणाले, "पण चौकशी कराव लागली असती. हा मले माहीत हाय." प्राची तो दिवा मांडीवर घेऊन नागपूरला गेली. हॉस्टेलच्या साऱ्या मजल्यावरचे किडे तिच्या खोलीत येतात म्हणून मैत्रिणींनी तक्रार केली. पण पहिल्या रविवारी मोठी माय फोनवर इतकंच म्हणाली, "आता दिसली माय माही." त्या दिवशी साडूभाऊंनी दुपारी दुकान बंद ठेवलं.

हे झालं त्याला आता बरेच दिवस झाले. मोठी मायला दिसायचं ते थोडंथोडं करत गेलं. आता दारातला उजेड तेवढा कळतो. पण प्राची दर रविवारी फोन करायच्या आधी तो दिवा लावतेच. मी एकदा म्हटलं, बाई, आता कशाला? म्हणाली, "मोठे बाबा पाहतात ना. ते सांगतात मोठी मायला."

मागच्या रविवारी मी नवेगावला त्यांच्याकडे होतो. फोन डाळीच्या डब्याला टेकवलेला, समोर साडूभाऊ, शेजारी मोठी माय आवाजाकडे तोंड करून. साडूभाऊ सांगत होते, "निया कुर्ता घातला हाय, आभाळाच्या रंगाचा. केस मोकळे सोडले हाय, तुले नाई आवडत तसे. गाल जरासे भरले." दुकानात ज्या माणसानं कधी सरळ उत्तर दिलं नाही, तो एकेक गोष्ट न विचारता सांगत होता. मध्येच नेट अडखळलं. प्राचीचा आवाज तुटक तुटक येत राहिला, पण पडदा काळा झाला. साडूभाऊ थांबले नाहीत. "आता केस बांधून राहिली. हासली. मागं खिडकीत कपडे वाळत घातले हाय." मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो. त्या पडद्यावर काहीच नव्हतं.

"जावईबापू," मोठी माय माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी सांगा. हे कधी वायली, बारीक झाली म्हणून सांगत नाई. वायली का जी पोरगी?"

"नाही," मी म्हटलं. "चांगली दिसते. तोंडावर मस्त उजेड पडला आहे."

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही.

"आन कानात कोणतं घातलं?" मोठी मायनं विचारलं.

साडूभाऊ त्या काळ्या पडद्याकडे पाहत, अगदी निवांतपणे म्हणाले, "तूच देल्लं ते."