कोपऱ्यात थांबणारा गिटार मासा

सकाळचे सात चाळीस. मत्स्यालयाच्या मोठ्या टाकीच्या काठावर वहिनी गुडघे टेकून बसल्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्यात माशाला भरवायचा माकुळाचा, म्हणजे स्क्विडचा, तुकडा. त्यांची नणंद इथेच काचा पुसते. तिचं ऐकून साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळेच त्यांना वहिनी म्हणतात.

टाकीत दोन जातींच्या पाकटी, म्हणजे चपटे मासे, आहेत. ठिपक्यांची पाकट उडाल्यासारखी फिरते. दुसरा गिटार मासा. कूळ पाकटींचंच, पण हा बहुतेक वेळ वाळूवर पडून असतो. पाटीवर पहिलीपुढे ‘संकटग्रस्त’ लिहिलंय, दुसऱ्यापुढे ‘अतिसंकटग्रस्त’. पिल्लं दोघांचीही थोडी, जाळ्यांत दोघंही सापडतात. पण गिटार माशाच्या परांना भाव फार, म्हणून तो एक पायरी पुढे. त्यापुढची पायरी म्हणजे समुद्रात एकही नाही, उरले तर फक्त अशा टाक्यांत.

गेल्या महिन्यात गिटार माशाची मादी उपचारासाठी पाण्याबाहेर काढताना मेली. तेव्हापासून नराने अन्न सोडलं. आज खाल्लं नाही, तर दुपारी त्यालाही बाहेर काढून नळीने भरवायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं.

वहिनींनी काठावर काठी ठोकली. नर वर आला. काठी पुन्हा वाजली. तो तुकड्याला तोंड न लावता वळला आणि कोपऱ्यात जाऊन थांबला.

“वहिनी, दुसरा ठोका कुणासाठी?” शिडीवरून नणंदेने विचारलं.

“कुठला दुसरा?”

“आत्ता मारलास तो.”

पहिला ठोका नराचा, दुसरा मादीचा. दुसरा ऐकला की तिला जागा करून द्यायची, हे वहिनींनीच नराला शिकवलं होतं.

“दादा जाऊन वर्ष झालं, तरी घरी दोन कप मांडतेस. तो चहा मी ढोसते म्हणून खपतं. इथे कोण आहे?”

वहिनींनी काठी तिच्यापुढे धरली. “तूच ठोक. माझ्या हाताचा भरवसा नाही.”

नणंद खाली उतरली. एकच ठोका. नर आला, घुटमळला आणि त्याने तुकडा ओढून घेतला. मग दुसरा तुकडा, तिसरा.

दुपारची नळी रद्द झाली.

पोट भरल्यावर नर कुणी न सांगता कोपऱ्यात गेला. समोरची वाळू रिकामी होती. तो मादीपुरती जागा मोकळी ठेवून थांबला.

उद्या सकाळी सात चाळीसला काठी नणंदेच्या हातात असेल.