लेनर्डच्या दारातल्या काटक्या

लेनर्ड पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला तो अमेरिकेतल्या आमच्या मिलवॉकीच्या गल्लीत, मेपलखाली दाताळं धरून वर बघत उभा असताना. झाडावर दोन-चार पानं उरली होती.

"जा की घरी, पडतील सावकाश," मी म्हटलं.

"मी गेलो की मुद्दाम पडतात, बाई!"

जन्मभर टपाल वाटलेला माणूस. निवृत्तीनंतर पाय घरात ठरेना. अशाच्या गळ्यात शेजारच्या इव्हॉनने रानफुलांची बाग घातली. ती दारोदार सांगत फिरे, लॉन काढा, इथली मूळची फुलं लावा, मधमाश्या-फुलपाखरं परत येतील. गल्ली म्हणाली, आधी लेनर्डचं बघू.

पहिल्या उन्हाळ्यात बाग बहरली. थंडी पडताच लेनर्डने सवयीने सगळं कापून कचऱ्यात दिलं. पोळं न करणाऱ्या रानातल्या मधमाश्या त्या वाळक्या दांड्यांच्या पोकळीत हिवाळा काढतात, त्याही गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात फुलांवर फारसं कुणी फिरकलं नाही. गल्लीने लॉन काढायचं नावच टाकलं.

"यंदा ऊब येईपर्यंत कात्री लावलीत तर याद राखा," इव्हॉनने बजावलं. त्याने मान डोलावली खरी, पण हिवाळाभर तो खिडकीशी येई, जाई, पुन्हा येई. बर्फ वितळल्यावर काटक्या आणखीच भिकार दिसू लागल्या. त्यात ईस्टर लवकर आला. लेनर्डचं घर पोलिश; अशा घरात तेव्हा पायपुसणंसुद्धा धुऊन निघतं, आणि सगळं गोत जेवायला येतं.

थोरली बहीण स्टेफा अंडी-सॉसेजची टोपली घेऊन फाटकातच थबकली. "काय रे, घर सोडलंस की काय?"

"आत माश्या झोपल्यात, ताई."

"त्या झोपल्यात म्हणून आम्ही उकिरड्यातून यायचं? काप आत्ता. पिशवी मी धरते."

लेनर्डने कात्री आणली. एका काटकीपाशी वाकला, उठला, पुन्हा वाकला. मग एकदम वळून माझ्या अंगणात शिरला. "बाई, तुमचे गुलाब फार माजलेत."

मी हो-नाही म्हणेपर्यंत त्याने एकेक गुलाब छाटून काढला. तिकडे जेवण निवलं.

"टोपली परत नेऊ का रे?" स्टेफा ओरडली.

"आलोच!" म्हणत त्याने माझं कुंपणही सारखं केलं.

मे महिन्यात काटक्यांतून बारक्या काळ्या मधमाश्या बाहेर पडल्या. त्या बघायला कोपऱ्यावरचं कुटुंब आलं आणि जाताना इव्हॉनकडे रोपांची चौकशी करून गेलं. मागोमाग आणखी दोन घरं.

हल्ली थंडी पडली की लेनर्ड काटक्यांना हात न लावता रोज सकाळी चर्चमध्ये जातो आणि तिथली सगळी बाकं पुसून काढतो.