तायडे बाईंनी आम्हाला रायफल धरायला शिकवलं

पंधराव्या वर्षी मी पहिली गोळी झाडली. माझ्या हातात रायफल दिली ती आमच्या गणिताच्या बाईंनी.

त्या तायडे बाई काल सकाळी अकोल्यात गेल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या.

मला मोबाईलवर एवढं लांब लिहायची सवय नाही. आज लिहिणार.

साल त्रेसष्ट. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती.

मी बाळापूरकडची, कास्तकाराची पोरगी. अमरावतीला राजापेठेत मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहून शिकत होते. बाई शाळेत शिकवायच्या आणि हॉस्टेलही सांभाळायच्या. वय जेमतेम सव्वीस. वडील अकोल्याच्या गिरणीत कामगार. छप्पन साली सगळ्या घरानं धम्मदीक्षा घेतलेली. त्या घरातल्या बाई पहिल्या ग्रॅज्युएट.

हॉस्टेल ते शाळा दहा मिनिटांचा रस्ता. त्यावर चार-पाच टवाळ पोरं सायकली आडव्या लावून उभी राहायची.

एक दिवस त्यांनी माझ्या मैत्रिणीची, शांताची, वेणी धरून ओढली.

आठवड्यात तिच्या घरचे तिला घेऊन गेले. शाळा बंद. उन्हाळ्यात लग्न.

बाई चौकीत गेल्या. उत्तर मिळालं, "पोरींना बाहेर कमी सोडत जा."

बाई परत आल्या त्या रागानं लाल होऊन. त्याच सुमारास शहरात साध्या नागरिकांसाठी रायफल ट्रेनिंग सुरू झालं होतं. बाईंनी स्वतःचं नाव दिलं.

आणि आम्हा नऊ जणींचंही.

शिकवायला फौजेतून रिटायर झालेले एक हवालदार होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोटावर झोपा."

आम्ही एकमेकींकडे पाहतच राहिलो. मैदानाच्या भिंतीवर बघे बसलेले. त्यांच्यासमोर पालथं झोपायचं?

बाईंनी पदर खोचला. आतून भावाचा पायजमा घालून आल्या होत्या! सरळ धुळीत आडव्या झाल्या. भिंतीवरून शिट्टी आली.

बाई मान न वळवता म्हणाल्या, "हवालदार साहेब, या भिंतीवरच्यांले आधी हाकला. नाई तं टार्गेट तिकडं लावा."

भिंत रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊही जणी भावांचे, मामांचे पायजमे मागून आणून हजर.

पहिल्या गोळीच्या आवाजानं मी रायफल सोडून कान झाकले होते. बाई शेजारी येऊन बसल्या.

"काहून भिऊन राहिली? आवाज तुयाच बंदुकीचा आहे ना?"

त्यानंतर नाही भ्यायले.

चार महिन्यांनी माझे बाबा हॉस्टेलवर आले. गावात कोणीतरी सांगितलं होतं. माझी पेटी भरायला लावली आणि बाईंना म्हणाले,

"मास्तरीन बाई, पोरीले शिकाले धाडलं होतं, शिकारीले नाई."

बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, रविवारी अकोल्याले स्पर्धा हाये. तुमी या. पोरीचा नेम पाहा. मंग न्या घरी, मी आडवी येणार नाई."

मी रविवारपर्यंत धड जेवले नाही. तिथं चुकले असते तर माझंही शांतासारखंच झालं असतं.

अकोल्याला मैदानावर बहुतेक सगळे पुरुष. बाबा लिंबाखाली उकिडवे बसलेले. बाईंचं नाव पुकारलं तेव्हा मागून हसू आलं. बाईंनी पाच गोळ्या झाडल्या. टार्गेटचा कागद आणला. पाचही भोकं मधल्या काळ्या गोलात, एकमेकांना चिकटलेली.

हसू थांबलं.

मग मी. माझी एक गोळी कागदालासुद्धा लागली नाही, हे आज कबूल करते. बाकी चार गोलात होत्या.

निकालात बाई पहिल्या! पुरुष धरून पहिल्या. मी सातवी.

आयोजकांची पंचाईत. कपावर 'उत्कृष्ट पुरुष नेमबाज' असं आधीच कोरून आणलेलं. बाई माईकवर म्हणाल्या, "असू द्या. कप तसाच द्या. वाचणाऱ्याले समजते, चूक कोनाची हाये ते."

सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं.

घरी न्यायची म्हणून भरलेली पेटी मी अकोल्याला सोबतच आणली होती. बाबा ती उचलून स्टँडवर आले. बाळापूरची गाडी लागलेली होती. ते तिच्यापुढून निघून गेले आणि माझी पेटी अमरावतीच्या गाडीवर चढवली.

"जाय. मॅट्रिक झाल्याबिगर येऊ नको."

गाडी मूर्तिजापूरला येईस्तोवर मी रडत होते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचेही डोळे ओले होते, पण मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

पुढच्या सोमवारी त्या रस्त्यावर सायकली तशाच आडव्या होत्या. आमच्या हातात फक्त पुस्तकं. रायफली मैदानावर कुलपात. बाई पुढे, आम्ही नऊ जणी मागे. कोणीच वेग कमी केला नाही, मान खाली घातली नाही.

एकानं आधी सायकल काढली. मग सगळ्यांनी.

आम्ही कधीच कोणावर गोळी झाडली नाही. तशी वेळच आली नाही.

मी मॅट्रिक झाले, नोकरी केली, दोन मुलींना वाढवलं. बाईंनी तीस वर्षांत किती पोरींना मैदानावर नेलं, त्याची गणती त्यांनाही नव्हती.

काल बाईंना निरोप द्यायला त्या नऊपैकी आम्ही तिघी होतो. सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. कोणीतरी विचारलं, "तुम्ही नात्यातल्या का?"

आम्ही तिघी एकदमच बोललो, "बाईंच्या पोरी आहोत."

बाई, अभिमानानं सांगतो आम्ही हे.

तुम्हाला आमचा शेवटचा जय भीम.