टेबलाचा पांढरा रंग

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी त्या मुलीचं कौतुक केलं की मान डोलवायचो आणि विषय बदलायचो.

मी मुसफ्फात, अबुधाबीच्या कारखान्यांच्या भागात, पाइप तपासायचो. क्ष-किरणांची गन टेकवली की न खरवडता धातूत काय आहे ते कळतं. अबुधाबीतल्या एका संग्रहालयाचं मशीन बिघडलं, तेव्हा त्यांनी आमची गन मागवली आणि सोबत मला. तिथली रसायनतज्ज्ञ इथेच वाढलेली मराठी मुलगी. एका चित्रित पानावरची पांढरी फुलं तपासायची होती. रंगात शिसं निघालं तर पान जुनं असू शकतं, टायटॅनियम निघालं तर रंग अलीकडचा. पान जुनंच आहे, असं तिने संग्रहालयाच्या साहेबांना ठामपणे सांगितलं होतं.

तिचं काम बघत राहावं असं. पानाजवळ बोलताना ती तोंड बाजूला वळवायची. मधे पोकळ असलेल्या चौकटीवर तिने पान ठेवलं.

"काका, गन टेकवायची नाही हं. हा तुमचा रुवैसच्या रिफायनरीतला पाइप नाहीये."

"पाइप एवढे नखरे करत नाही."

ती खळखळून हसली. मग फोन आला म्हणून बाहेर गेली. चौकट डगमगत होती. मी हातमोजे घालून पान सरळ टेबलावर ठेवलं, रीडिंग घेतलं आणि पान पुन्हा चौकटीवर सरकवलं. शिसं होतं, पण टायटॅनियमही!

"Are you sure, काका? पुन्हा घेऊया?" परत आल्यावर तिने विचारलं.

"मशीन खोटं बोलत नाही. खलास, गाडी थांबलीय."

त्याच संध्याकाळी पान प्रदर्शनातून काढलं. दुसऱ्या दिवशी तिने मला परत बोलावलं. चौकटीवर पुन्हा मोजलं, तर नुसतं शिसं. टायटॅनियमचा मागमूस नाही. मग पान बाजूला ठेवून तिने गन नुसत्या टेबलावर धरली. टायटॅनियम. किरण पातळ कागदातून आरपार जाऊन टेबलाचा पांढरा रंग वाचत होते. जाड पाइपातून किरण पार जात नाहीत, म्हणून मागे काय आहे हे मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

तिने मला काहीच विचारलं नाही. साहेबांसमोर म्हणाली, "मांडणी माझी होती, चूकही माझी." मी शेजारीच बसलो होतो. पान प्रदर्शनात परत गेलं. पुढचं मोठं काम मात्र तिच्याऐवजी दुसऱ्याला मिळालं.

नोकरी बदलून ती परदेशी निघाली, तेव्हा विमानतळावर गेलो. "आई, हेच ते गनवाले काका," तिने ओळख करून दिली. 'बाळा, चौकट मी काढली होती, मला माफ कर,' हे वाक्य गाडीत घोकत आलो होतो. ती पाया पडायला वाकली.

"पोचलीस की कळव," एवढंच म्हणालो.